अंदाजपंचे दाहोदरसे

‘दाहोदरसे’ म्हणजे एकशे दहा. संस्कृतातले ‘दशोत्तर शत’, म्हणजे शंभरावर दहा, पाढे म्हणणाऱ्या पिढ्यांच्या तोंडी झिजत झिजत दाहोदरसे झाले. बावीस पंचे दाहोदरसे, हिशेब चोख जुळतो. त्याच चालीवर कुणी तरी बावीसच्या जागी ‘अंदाज’ बसवला आणि ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला. आता पाढ्यांत ‘एकशे दहा’ आले, दाहोदरसे तेवढे या वाक्प्रचारात उरले. त्यात काय म्हटले आहे ते नीट पाहावे. पाचाने गुणण्याची क्रिया बरोबर आहे, उत्तरही नेमके आहे, एकशे नऊ नाही की एकशे अकरा नाही. फक्त ज्याला पाचाने गुणले, तो आकडाच कुणाला ठाऊक नाही. खोट्या नेमकेपणावर याहून अचूक बोट ठेवणारा शब्दप्रयोग मला दुसरा माहीत नाही.

वाणिज्य शाखेची मुले पहिल्या वर्षी संख्याशास्त्राची गणिते सोडवतात तेव्हा हाच धोका असतो. सूत्र पाठ असते, गणकयंत्र चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देते, आणि आपण नेमके काय मोजले हे कळलेले नसते. त्याचे एक कारण मला शब्दांत दिसते. सरासरी, संभाव्यता, नमुना, यादृच्छिक हे शब्द मुलांपुढे नुसत्या चिठ्ठ्यांसारखे येतात. वास्तविक त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे, आणि ते चित्र दिसले की सूत्र अर्धे समजलेले असते.

अंदाजापासूनच पाहू. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. त्यातला ‘अंदाज’ आपण कितीतरी शब्दांत रोज वापरतो. तीर फेकणारा तो तिरंदाज. तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज, जो पुढे तोफखान्यातून क्रिकेटच्या मैदानावर आला. बंदुकीतून वीज फेकणारा तो बरकंदाज. तेव्हा अंदाज म्हणजे नजरेने किंवा मनाने लांबवर केलेली फेक. युरोपातही हेच चित्र आहे. याकोब बर्नुली या गणितज्ञाचा संभाव्यतेवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1713 साली छापला गेला. त्याचे नाव ‘आर्स कॉन्जेक्टांडी’, तर्क करण्याची कला. त्यातल्या कॉन्जेक्चर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले ‘याकेरे’ म्हणजे फेकणे हेच क्रियापद आहे. याच कलेला बर्नुलीने ग्रीकवरून ‘स्टोकास्टिके’ असेही म्हटले. स्टोकोस म्हणजे नेम धरायचे लक्ष्य. आज यदृच्छेने बदलणाऱ्या राशींच्या अभ्यासाला इंग्रजीत ‘स्टोकॅस्टिक’ म्हणतात ते यावरूनच. फारसी, लॅटिन आणि ग्रीक या तिन्ही भाषांनी अनिश्चिताविषयी बोलताना बाण, गोळा, नेम यांकडेच धाव घेतली. नेम चुकतो, पण तो धरलेला असतो. ‘अंदाजे सांगितले’ म्हणजे मनाला येईल ते सांगितले, असा जो अर्थ आपण रूढ केला आहे तो या शब्दावर अन्याय आहे.

महाराष्ट्राच्या महसुली कारभारात या शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. हिंदीत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे. आपल्याकडे मात्र ‘नजरअंदाज पैसेवारी’ म्हणजे पूर्ण पिकाला एक रुपया धरून, उभ्या पिकावर नजर टाकून केलेला उत्पन्नाचा पहिला अंदाज. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलती, अशी रेषा वर्षानुवर्षे मानली गेली. त्यामुळे हा अंदाज किती पक्का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरादाराचा असतो. नजरेच्या पुढची पायरी म्हणजे पीक कापणी प्रयोग. आधी गाव, मग शेत, मग शेतातला ठराविक मापाचा तुकडा, हे सगळे कुणाच्याही मर्जीने न निवडता यदृच्छेने निवडायचे आणि तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून तोलायचे. ही पद्धत भारतभर रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांचा मोठा वाटा आहे. तुकडा केवढा घ्यावा यावर सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्यात जोरदार वाद झाला होता. अगदी लहान तुकडा घेतला तर काठावरची ताटे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, असे सुखात्म्यांचे म्हणणे होते.

‘यदृच्छा’ हा शब्द पुष्कळांना ‘इच्छा’वरून आलेला वाटतो. तसे असते तर तो ‘यदिच्छा’ झाला असता. त्यात ‘ऋ’ म्हणजे जाणे, भेटणे हा धातू आहे. वाटेत जे समोर येईल ते, ठरवून न आलेले, ती यदृच्छा. श्वेताश्वतर उपनिषदाने सुरुवातीलाच जगाचे कारण काय असेल याच्या शक्यता मांडल्या आहेत. त्यात काळ, स्वभाव आणि नियती यांच्या बरोबरीने यदृच्छेचेही नाव आहे. दहावीच्या पुस्तकातल्या ‘यादृच्छिक प्रयोगा’ची वंशावळ अशी उपनिषदांपर्यंत पोहोचते. कुणाची इच्छा मध्ये येऊ न देणे हेच नमुना निवडीचे पहिले पथ्य असल्याने, ‘इच्छा’ या शब्दात नाही हे बरेच झाले.

फेकीची गोष्ट फाशांशिवाय पुरी होत नाही. इंग्रजी ‘चान्स’ लॅटिनमधल्या पडणे या क्रियापदावरून आला, म्हणजे फासा कसा पडला तो चान्स. आपणही ‘दान पडले’ असेच म्हणतो. वेदकाळी आपल्याकडचे फासे घनाकृती नव्हते, बेहड्याची फळे फाशांसारखी वापरत. मूठभर फळांना चाराने भागायचे. पूर्ण भाग गेला तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एक उरला तर कली. डावांची हीच नावे पुढे युगांना मिळाली. कलियुगाची वर्षे 4,32,000 सांगतात, द्वापराची त्याच्या दुप्पट, त्रेताची तिप्पट, कृताची चौपट. काळाची एवढी अवाढव्य कल्पना, आणि तिचे प्रमाण जुगाऱ्याच्या मुठीतले.

याच बेहड्याच्या झाडाखाली महाभारतातला एक विलक्षण प्रसंग घडतो. वनपर्वातल्या नलोपाख्यानात, फाशांत राज्य हरलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. रथ वेगाने चालला असताना राजा एका बेहड्याकडे पाहतो आणि बसल्या जागेवरून सांगतो, की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि 2095 फळे. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा जुळतो. हे कसे साधले असे विचारल्यावर ऋतुपर्ण जे सांगतो ते संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे: मला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, ठाऊक आहे आणि मी संख्यानातही निपुण आहे. फासे आणि मोजणी या दोन विद्या एकाच माणसाकडे आणि एकाच उत्तरात. नल त्याला अश्वविद्या देतो, बदल्यात अक्षहृदय घेतो, आणि ती विद्या येताच, त्याला फाशांत हरवण्यासाठी अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. राजाने मोजले कसे, हे कथा सांगत नाही. पण सगळे झाड न मोजता दोन फांद्यांचा आकडा सांगणे यात नमुन्याची कल्पना डोकावते, आणि तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उदयावर 1975 साली लिहिलेल्या पुस्तकात या कथेची दखल घेतली ती त्यासाठीच.

‘नमुना’ फारसी, दाखवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. मराठीकडे त्याच्या आधीपासून आणखी एक देखणा शब्द आहे: वानगी. पोत्यातले मूठभर धान्य गिऱ्हाइकाला दाखवायचे ती वानगी, आणि म्हणून ‘वानगीदाखल’. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण सांगते तेही हेच. पण त्या म्हणीत एक अट दडलेली आहे. भात सारखा शिजलेला हवा. खाली करपला आणि वर कच्चा राहिला तर वरचे शीत खालच्या भाताविषयी काही सांगत नाही. आपला समूह भातासारखा एकजीव आहे की नाही, हा प्रश्न विचारायला मुलांना शिकवले पाहिजे. नसेल तर प्रत्येक थरातून वेगळी वानगी घ्यावी लागते.

आता सरासरी. या शब्दाला मी अंमळ जास्त वेळ देणार आहे, कारण एवढ्या साध्या क्रियेला जगाने इतकी वेगवेगळी रूपे दिलेली दुसरीकडे सापडणार नाहीत.

फारसीत ‘सर’ म्हणजे डोके, टोक. सरदार आणि सरहद्द यांतला तोच. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळेच्या सगळे. ‘हे सरासर खोटे आहे’ यात तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीने त्यावरून सरासरी घेतली: सगळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरून येणारा आकडा. कन्नड आणि तमिळमध्येही हाच शब्द याच अर्थाने चालतो. हिंदीने मात्र अरबी ‘औसत’ घेतला, ज्याचा अर्थ मधला. इंग्रजी ‘अ‍ॅव्हरेज’ची कुळकथा तर बंदरातली आहे. अरबीत ‘अवार’ म्हणजे मालाचे नुकसान. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी त्याचे ‘अवारिया’ केले, तेच फ्रेंचमधून इंग्रजीत गेले. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तो ज्याचा होता त्या एकट्याने नुकसान सोसायचे नाही. जहाजाचा मालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घेतात. रोमन कायद्याच्या सहाव्या शतकातल्या संहितेत हा नियम आहे, आणि तो ऱ्होड्स बेटावरच्या सागरी कायद्याच्या नावाने ओळखला जातो. 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकले तेव्हा मालकांनी याच ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ची घोषणा केली आणि खर्चाचा वाटा माल पाठवणाऱ्यांवर आला. नुकसान वाटून घेण्यावरून कोणतीही बेरीज सारखी वाटण्यापर्यंत हा शब्द अठराव्या शतकात पोहोचला. आपल्याकडे गाडी लिटरला किती किलोमीटर जाते त्यालाच ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात.

चौथे रूप मला सगळ्यांत जवळचे वाटते. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत खणलेल्या खड्ड्याचे घनफळ काढण्याचा भाग आहे. खड्ड्याची रुंदी सगळीकडे सारखी नसते. तेव्हा ती अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले त्या संख्येने भागावे, असे ते सांगतात. येणाऱ्या मापाला त्यांचा शब्द आहे ‘सममिती’. ओबडधोबड खड्डा मनातल्या मनात सारखा करून घ्यायचा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. सरासरीची रीत आपल्या मातीत आठशे वर्षांपूर्वी शिकवली जात होती.

टोकापासून टोकापर्यंत, मधले, नुकसानीचा वाटा, सारखे केलेले माप. ही चारही चित्रे मुलांपुढे ठेवली तर सरासरी कुठे फसवते तेही कळते. एका दुकानात नऊ नोकरांना महिना 18,000 रुपये आणि व्यवस्थापकाला 1,38,000 रुपये पगार आहे. बेरीज तीन लाख, सरासरी 30,000. टोकापासून टोकापर्यंत सगळे धरले, वाटाही सारखा केला, पण 30,000 पगार दुकानात कुणालाच नाही, आणि तो आकडा ‘मधला’ तर मुळीच नाही. मधला हवा असेल तर मध्यक काढावा, सर्वांत जास्त वेळा येणारा हवा असेल तर बहुलक. इथे दोन्ही 18,000 आहेत. इंग्रजीत मीन आणि मीडियन हे लॅटिनमधल्या एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत, आपल्याकडे मध्य आणि मध्यक. दोन्हीकडे मुलांचा घोटाळा होतो यात नवल नाही.

संभाव्यतेकडे वळू. इंग्रजी ‘प्रोबॅबल’ लॅटिन ‘प्रोबाबिलिस’वरून आला. त्याचा अर्थ पटण्याजोगा, मान्य करण्याजोगा. मध्ययुगात एखादे मत प्रोबॅबल आहे याचा अर्थ थोर लोकांचा त्याला पाठिंबा आहे असा होई. मराठीत ‘संभावित गृहस्थ’ म्हणजे काय ते आठवा. लोकांत मान असलेला माणूस. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ‘संभावित’ही असाच, ज्याला अपकीर्ती मरणाहून वाईट वाटते तो. सम् आणि भू यांच्या प्रयोजक रूपाचा अर्थ मानणे, मान देणे असा होतो, आणि संभाव्यता त्याच घरातली आहे. दोन दूरच्या भाषांनी ‘मानण्याजोगे’ या एकाच कल्पनेतून ‘शक्य’ घडवले. हिंदीने ‘प्रायिकता’ हा शब्द घेतला, ‘प्रायः’ म्हणजे बहुतेक वेळा यावरून. संभाव्यतेविषयी तज्ज्ञांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो ती घटना किती वेळा घडते याचे माप आहे, दुसरा म्हणतो ती आपल्या विश्वासाचे माप आहे. हिंदीच्या शब्दात पहिला पक्ष बसला आहे, मराठीच्या शब्दात दुसरा.

‘सशर्त संभाव्यता’ हा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जातो. अरबी ‘शर्त’ म्हणजे अट, आणि पैजही. बैलगाड्यांची शर्यत त्याच मुळाची. ब्रूनो दे फिनेत्ती या इटालियन गणितज्ञाने संभाव्यतेची व्याख्याच पैजेवरून केली: तुम्ही किती दराने पैज लावायला तयार आहात, तेवढा तुमचा विश्वास. एक नेहमीचे गणित घ्या. कारखान्यात 60 टक्के माल पहिल्या यंत्रावर होतो, त्यातला 2 टक्के सदोष. उरलेला 40 टक्के दुसऱ्या यंत्रावर, त्यातला 5 टक्के सदोष. सदोष नग हाती आला, तो दुसऱ्या यंत्राचा असण्याची संभाव्यता किती? सूत्राकडे धावण्याआधी हजार नग डोळ्यांपुढे आणा. पहिल्याचे 600, त्यांत 12 सदोष. दुसऱ्याचे 400, त्यांत 20 सदोष. सदोष एकूण 32, पैकी 20 दुसऱ्याचे, म्हणजे 62.5 टक्के. नग हाती येण्याआधी दुसऱ्या यंत्रावर तुम्ही 40 टक्क्यांचीच पैज लावली असती. शर्त बदलली आणि पैजेचा दर बदलला. गणितज्ञ थॉमस बेज यांच्या मृत्यूनंतर 1763 साली रॉयल सोसायटीपुढे वाचल्या गेलेल्या निबंधाचा गाभा एवढाच आहे.

या शास्त्राचे नाव घेतल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही. ‘स्टॅटिस्टिक्स’ हा जर्मनीतून आलेला शब्द राज्याच्या कारभाराशी जोडलेला. महालनोबिस यांनी 1933 साली कलकत्त्यात आपले नियतकालिक काढले तेव्हा त्याला ‘संख्या’ हे नाव दिले, आणि संख्या म्हणजे नुसती मोजदाद नव्हे, तर नीट जाणणे, असे आवर्जून सांगितले. अमरकोशाचा त्यांना भक्कम आधार आहे. तिथे चर्चा, संख्या आणि विचारणा हे तीन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी दिले आहेत.

सरावाबद्दलही दोन शब्द सांगतो. संस्कृत ‘अभ्यास’मध्ये ‘अस्’ म्हणजे फेकणे हाच धातू आहे, पुन्हा पुन्हा त्याच दिशेने केलेली फेक. पाणिनीच्या व्याकरणात ‘पपाठ’मधल्या पहिल्या, दुहेरी आलेल्या ‘प’ला अभ्यास म्हणतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात तिरकस गुणाकाराला वज्राभ्यास हे नाव आहे. म्हणजे दोनदा करणे, गुणणे आणि घोकणे हे सगळे एकाच शब्दात आले.

वाणिज्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. परिभाषा बदलू नका, परीक्षेत तीच लागते. पण नवा शब्द फळ्यावर लिहिताना त्याचे घर मुलांना दाखवा, आणि नमुन्याच्या शेजारी ‘वानगी’ही लिहा. आणि गणिते सोडवणाऱ्यांनी उत्तराखाली रेघ मारण्याआधी त्या आकड्याचा अर्थ सांगणारे एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे. ते लिहिता आले नाही, तर गणित पुन्हा करावे.